मागचा काप

१

झाडं पाडणारा ईरप्पा मगदूम झाडाखालीच सापडून मेला, यात नवल ते काय, असं सगळं गाव म्हणत होतं. नवल वाटलं ते एकट्या गौराबाईला, त्याच्या बायकोला.

नवऱ्याला माती देऊन आठवडाही उलटला नव्हता. कपाळाला विभूती, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, अशी ती सकाळीच पोलीस चौकीच्या पायरीवर येऊन बसली आणि उठायचं नाव घेईना. हवालदाराने समजावून पाहिलं. अपघात आहे, पंचनामा झाला आहे, कागद पुढे गेले आहेत, आता त्यात काही उरलेलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं, की फौजदारसाहेबांना भेटल्याबिगर मी हलणार न्हाय.

फौजदार अमरसिंह सरनोबत नेसरीकडच्या त्या चौकीत नुकताच बदलून आला होता. २००३ सालचा उन्हाळा तोंडावर आला होता, उसाचे फड उठत होते आणि चौकीत बांधाच्या भांडणांखेरीज फारसं काही येत नव्हतं. त्याने बाईला आत बोलावलं, खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेला टेकली.

"सायेब, माणूस गेलं ते गेलं," ती म्हणाली. "पर गाव म्हणतंय, ईरप्पा चुकला. जलमभर दुसऱ्याला शिकवलं आन् सोता चुकला. ते चुकल्यालं न्हाईत. तेवढं तुमी बघा."

चुकले नाहीत हे कशावरून, असं अमरसिंहाने हळूच विचारलं. त्यावर तिने सांगितलं, की मशीन सुरू करण्याआधी ते कानात कापूस घालत, तेलात भिजवून पिळलेला. चेनसॉच्या आवाजाने त्यांचा एक कान कधीच गेला होता, दुसरा त्यांना जपायचा होता. कापसाशिवाय त्यांनी मशीनला हात लावलेला तिने पाहिला नव्हता.

"शेवटची आंघोळ मी घातली. कान मोकळं हुतं."

दवाखान्यात चिरफाड करताना कापूस पडला असेल, असं हवालदार दारातून म्हणाला. अमरसिंहाने ईरप्पाच्या कपड्यांचं गाठोडं मागवलं. सदरा रक्ताने वाळून कडक झाला होता. त्याच्या खिशात प्लॅस्टिकची एक पुडी निघाली. पुडीत तेलकट कापसाचे दोन बोळे होते, नीट वळून ठेवलेले, न वापरलेले.

मग त्याने लेंगा उलगडला. चेनसॉ चालवणाऱ्याच्या पायावर लाकडाचा चुरा पावसासारखा उडत असतो, ओल्या लाकडाचा तर झटकूनही जात नाही. लेंग्यावर माती होती, रक्त होतं. चुऱ्याचा एक कणही नव्हता.

अमरसिंहाने लेंग्याची घडी घातली आणि गौराबाईकडे पाहिलं. झाड फाटलं तेव्हा मशीन तिच्या नवऱ्याच्या हातात नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं.

२

अपघात झाला त्या पिराजीच्या मळ्यात बांधाला निलगिरीची रांग होती. त्यातलं टोकाचं झाड अजून आडवं पडलेलं होतं. पानं वाळून त्यांचा उग्र वास सगळ्या मळ्यात भरला होता.

अमरसिंहाचं बालपण लाकडात गेलं होतं. वडिलांची कोल्हापुरात वखार होती आणि पोलिसात भरती होईपर्यंत तो तिथेच बसायचा. खोडाच्या कापावरून कापणारा कोण, घाईचा की निवांत, हे ओळखायची त्याला सवय होती. तो बुंध्यापाशी बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

झाड ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला आधी खाच घेतात. मग मागून काप घेत खाचेकडे येतात आणि दोन्हींच्या मध्ये लाकडाची एक पट्टी राखतात. तिला ईरप्पा बिजागरी म्हणायचा. दार फिरावं तसं झाड त्या पट्टीवर फिरत खाली येतं. सरळ झाडाला हे चालतं. पण झुकलेल्या झाडाचा सगळा भार पुढे ओढत असतो. मागून घेतलेला काप अर्ध्यावर आला की उरलेल्या लाकडाला तो भार पेलत नाही. बुंधा उभा फाटतो आणि मागचा फाटलेला अर्धा भाग उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून झुकलेल्या झाडाला ईरप्पा पोटातून कापायचा. मशीनचं टोक बिजागरीच्या मागून बुंध्यात आरपार घालायचं, तिथून मागे कापत यायचं आणि अगदी पाठीला एक पट्टा ठेवायचा. तो पट्टा झाडाला धरून राहतो. शेवटी बाजूला उभं राहून तेवढाच तोडला की झाड न फाटता जातं.

समोरच्या बुंध्यात पोटातला काप नव्हताच. खाच सुबक होती, दोन्ही तिरपे काप एका रेषेत मिळालेले. मागचा काप मात्र पाठीकडून सरळ आत शिरला होता आणि अर्ध्यावर थांबला होता. तिथून पुढे लाकूड माणसाच्या डोक्यावर जाईल इतकं उभं फाटलेलं होतं. फाटीच्या पोटात एक जुनी काळी भेगही दिसत होती, कधी काळी वीज पडून किंवा वाऱ्याने पिळवटून गेलेली. बाहेरच्या सालीवरही तिची रेघ उमटली होती.

ईरप्पासारख्या माणसाला ती रेघ दिसली नसेल हे अमरसिंहाला पटेना.

खाली लाकडाचा चुरा पडला होता. त्याने मूठभर उचलून तळहातावर पसरला. मग रुमालात बांधून खिशात टाकला.

पिराजी मागे उभा होता. हा वयस्क, अबोल शेतकरी. प्रेत कुठे पडलं होतं ते त्याने दाखवलं. झाड पाडताना पळायला वाट हवी म्हणून ईरप्पाने बुंध्याच्या डाव्या अंगाची घाणेरी तोडून ठेवली होती. प्रेत उजव्या अंगाला होतं, बुंध्याला जवळजवळ लागून. डॉक्टरांनी मार पाठीवर बसल्याचं लिहिलं होतं. म्हणजे झाडाकडे पाठ करून, पळायच्या वाटेच्या उलट बाजूला, तो माणूस उभा होता.

"पिराजीअण्णा," अमरसिंह म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही काय ऐकलंत ते सगळं सांगा."

पिराजीने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, की ऐकलं तर हाय, पर कुणी इचारलंच न्हाय.

३

त्या दिवशी वीज गेलेली होती. पिराजी विहिरीवरच्या खोलीत मोटर सुरू व्हायची वाट बघत बसला होता. मोटर बंद, त्यामुळे मळा चिडीचूप होता आणि मशीनचा आवाज स्वच्छ येत होता. मग मोठा कडाका झाला आणि जमीन हादरली. पिराजी उठून उभा राहिला. मशीन तेव्हाही चालूच होतं, नुसतं फुरफुरत. थोड्या वेळाने ते बंद झालं.

"बंद पडलं, का केलं?" अमरसिंहाने विचारलं.

"केलं. पडताना आचके देतंय. ह्ये एकदम गप झालं."

झाडाखाली दबलेल्या माणसाने मशीन बंद करणं शक्य नव्हतं. आणि मशीन तर ईरप्पाच्या हाताशी पडलेलं मिळालं होतं, बटण बंद केलेलं.

पिराजी उसातून वाट काढत पोचला तेव्हा तिथे एकच जिवंत माणूस होता. कृष्णात. ईरप्पाचं डोकं मांडीवर घेऊन तो बसला होता आणि शेजारी एक जाडजूड लोखंडी साखळी पडली होती. आपण आत्ताच आलो, आलो तेव्हा झाड पडलेलं होतं, असं त्याने सांगितलं. पंचनाम्यातही त्याने तेच सांगितलं. साखळी मात्र पोलीस येण्याआधी तिथून गेली होती.

कृष्णात हे नाव ऐकून अमरसिंह सावध झाला, कारण एव्हाना ईरप्पाची आणि त्याची कहाणी त्याच्या कानावर आली होती. वीस-बावीस वर्षं ते दोघे एकाच मोठ्या करवतीच्या दोन टोकांना उभे राहिले होते. ईरप्पा ओढायचा तेव्हा कृष्णात सोडायचा, कृष्णात ओढायचा तेव्हा ईरप्पा. या भागातल्या कितीतरी घरांची आढी त्या दोघांनी पाडलेल्या झाडांची होती. मग सत्त्याण्णवच्या सुमाराला ईरप्पाने बेळगावहून मशीन आणलं आणि करवतीचं दुसरं टोक रिकामं झालं.

कृष्णातने मशीनला कधी हात लावला नाही. तो म्हणायचा, करवतीने कापताना झाड करकरतं ते ऐकू येतं, मशीनवाला बहिरा असतो, झाड काय सांगतंय ते त्याला कळत नाही. झुकलेलं झाड असेल तर बुंध्याला साखळीचे वेढे आवळून बांधावं, मग कापावं, फाटायची बिशाद नाही. ईरप्पा म्हणायचा, साखळीपेक्षा काप बरोबर घे. नेसरीच्या बाजारात एकदा सगळ्यांदेखत दोघांची यावरून जुंपली. पोटातून कापणं हे नुसतं नाटक आहे, असं कृष्णात म्हणाला, आणि तुझी साखळी बैलाला बांध, असं ईरप्पा म्हणाला. त्या दिवसापासून दोघे बोलायचे बंद झाले.

आणि तोच कृष्णात मेलेल्या ईरप्पाजवळ साखळी घेऊन बसलेला होता.

४

कृष्णातला बोलावणं धाडण्याआधी अमरसिंह ईरप्पाच्या घरी गेला. मुलगा राजशेखर सोप्यात बसला होता. पंचविशीचा, अंगाने भक्कम, पण डोळे खोल गेलेले. तो काही वर्षं कर्नाटकात कॉफीच्या मळ्यांत झाडं पाडण्याच्या टोळीत होता. वर्षापूर्वी परत आला आणि बापाबरोबर काम करू लागला.

अपघाताच्या वेळी तो गडहिंग्लजला गेला होता, असं त्याने पंचनाम्यात सांगितलं होतं. आताही तेच सांगितलं. मशीनच्या चेनचे दात बोथट झाले होते, नवी चेन आणायला तो मोटारसायकलवरून गेला. अप्पांना थांबा म्हणालो होतो, पण ते थांबले नसतील.

त्याच्या टोळीत झाडं कशी पाडायचे, हे अमरसिंहाने सहज विचारलं. त्यावर तो जरा मोकळा बोलला. तिकडे दिवसाला किती झाडं पडली यावर सगळं चालायचं. खाच घ्यायची, मागून मशीन घालायचं आणि जोरात रेटायचं. मशीनची ताकद चांगली असेल तर झाडाला फाटायला सवडच मिळत नाही. पोटातून कापायला वेळ जातो. यावरून बापाशी आपलं पटायचं नाही, हेही त्याने कबूल केलं.

"अप्पा म्हणायचे, तू झाडाबरोबर शर्यत लावतोस," तो म्हणाला.

गौराबाई आतून चहा घेऊन आली. मुलाने कपाला हात लावला नाही. अमरसिंहाच्या लक्षात आलं, की बाप कसा मेला, कुणी मारलं का, याबद्दल या पोराने त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

तो चौकीत परतला तेव्हा कृष्णात दारात उभा होता. त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं. तो म्हणाला, "सायेब, ईरप्पा माझ्या हातनं मेला. मीच कापत हुतो."

५

कृष्णातने सगळं सांगितलं, आणि फार व्यवस्थित सांगितलं. दोघांची मळ्यात गाठ पडली, पुन्हा जुना वाद निघाला. दाखवतोच तुला, असं म्हणून त्याने मशीन घेतलं आणि मागून काप घातला. झाड फाटलं. ईरप्पा त्याला ढकलायला आला आणि सापडला. नंतर भीती वाटली, म्हणून मशीन बंद करून त्याच्या हाताशी ठेवलं.

सांगताना त्याने एकदाही मान वर केली नाही. हवालदाराने कागद ओढला. अमरसिंहाने त्याला थांबवलं आणि जप्त केलेलं मशीन आणायला सांगितलं.

ते अंगणात ठेवून अमरसिंहाने दोरी ओढली. दोन-तीन हिसक्यांत ते सुरू झालं आणि फुरफुरत राहिलं. वखारीत त्याने असली मशिनं हाताळली होती. तो बाजूला झाला.

"बंद करा," तो कृष्णातला म्हणाला.

कृष्णात मशीनजवळ बसला. त्याचे मोठे, भेगाळलेले हात मशीनवर फिरले. त्याने एक खटका दाबला, तसं मशीन एकदम भडकून ओरडलं आणि तो दचकून मागे सरला. दुसरीकडे काहीतरी ओढून पाहिलं. मशीन चालूच राहिलं. शेवटी त्याने हात मांडीवर ठेवले आणि तो तसाच बसून राहिला. अमरसिंहाने वाकून अंगठ्याने बटण खाली केलं. अंगण शांत झालं.

"कुणाला वाचवताय, काका?"

उत्तर आलं ते फाटकाकडून. कृष्णातची बायको बायडाबाई नवऱ्याच्या मागोमाग आली होती आणि सगळं बघत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तिने सांगितलं, की त्या दिवशी सकाळी ईरप्पा भावजी आमच्या घरी आले होते, किती वर्षांनी. दारात उभं राहून म्हणाले, कृष्णा, झाडाला जुनी भेग हाय, पोटातनं कापून भागायचं न्हाय, तुझी साखळी घेऊन चल. मग आत येऊन चहा प्याले. दोघं बोलत बोलत निघाले.

"मी दारात हुतो," बायडाबाई म्हणाली. "ह्यांच्या खांद्यावर साखळी हुती. वड्यापाशी गेलं आन् मळ्यातनं मशीनचा आवाज आला. भावजी उभंच ऱ्हायलं. मग पळत सुटलं."

कृष्णातने डोळे मिटून घेतले.

अमरसिंहाने खिशातला रुमाल काढला आणि टेबलावर सोडला. निलगिरीचा चुरा चांगला भरड होता, एकेक कपची वेगळी दिसत होती. बोथट चेनमधून असा चुरा निघत नाही, पिठासारखा भुसा निघतो. चेनला चांगली धार होती. तेवढ्यासाठी गडहिंग्लजला जायचं कुणालाही कारण नव्हतं.

६

दुपारी अमरसिंह पुन्हा मगदुमांच्या सोप्यात बसला होता. कृष्णातही बरोबर आला होता, भिंतीला टेकून उभा. गौराबाईने आत जावं असं अमरसिंहाच्या मनात होतं आणि त्याने तसं सुचवूनही पाहिलं. हिच्याच सांगण्यावरून आपण खरं शोधायला निघालो, आणि आता ते हिच्यासमोर मांडायचं, हे त्याला जड जात होतं. पण ती उंबऱ्याशी बसली ती हलली नाही.

मग त्याने एकेक गोष्ट सांगितली. खिशातला कापूस. लेंगा. कडाका झाल्यावरही चालू राहिलेलं आणि मग कुणीतरी बंद केलेलं मशीन. साखळी आणायला गेलेला माणूस झाडाला मागचा काप घालून जात नाही. तो परत येताना मशीनचा आवाज ऐकून धावला, पळायच्या वाटेने बाहेर नाही, तर उलट आत, बुंध्यापाशी. झाडाकडे पाठ करून तो उभा राहिला, कारण त्याच्या पुढ्यात कुणीतरी होतं. मागचा काप सराईत हाताचा होता, आणि ज्याला पोटातला काप मान्य नव्हता अशा हाताचा होता.

गौराबाई मुलाकडे बघत नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती.

"राजू," ती म्हणाली.

राजशेखर उठून आईच्या पुढ्यात येऊन बसला. सांगायला त्याला बराच वेळ लागला. खाच त्यानेच घेतली होती, अप्पा बाजूला उभे राहून सांगतील तशी. मग त्यांनी भेगेवर हात फिरवला, त्याला मशीन खाली ठेवायला लावलं आणि साखळी आणतो म्हणून निघाले. कुणाकडे, ते कळल्यावर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने भर बाजारात अपमान केला त्याच्या दारात आपला बाप जातोय, आणि तेही अर्ध्या दमात आपण पाडू शकतो अशा एका झाडासाठी. अप्पा परत यायच्या आत झाड आडवं करायचं, मग कुणाच्या साखळीची गरज नाही, असं त्याने ठरवलं.

अर्धा काप झाला आणि बुंध्यातून आवाज आला. तो कळायच्या आत कुणीतरी त्याला उचलून फेकल्यासारखं ढकललं. तो उठला तेव्हा अप्पा कंबरेपासून खाली झाडाखाली होते. मशीन शेजारी फुरफुरत होतं. त्याने ते बंद केलं. मागून कृष्णातकाका धापा टाकत आले. दोघांनी खांदा लावला, पण झाड तसूभरही हललं नाही.

"शुद्धीत हुते," तो म्हणाला. "मला म्हणाले, तुला लागलं का. मी न्हाय म्हणालो. मग म्हणाले, मशीन माझ्या हाताशी ठेव. मी कापत हुतो म्हणून सांगा. तू गडहिंग्लजला गेलतास. काकांच्याकडनं त्यांनी शपथ घेतली. मला म्हणाले, जा. मी गेलो, अव्वा. ते जित्ते असताना मी त्यांना टाकून गेलो."

कृष्णात भिंतीकडे तोंड करून उभा होता. पिराजी येईपर्यंत ईरप्पा गेला होता, साखळी नंतर आपणच घरी नेली, एवढंच तो म्हणाला.

बाहेर गोठ्यात म्हैस दाव्याला हिसके देत होती. मग गौराबाई उठली, आत गेली, आणि परत आली तेव्हा तिने खांद्यावरून शाल घेतली होती आणि हातात मुलाच्या चपला होत्या. त्या तिने त्याच्यासमोर ठेवल्या.

"त्यांनी तुझ्यापायी सोताचं नाव घालवलं," ती म्हणाली. "ते नाव तू परत दे. चल."

७

राजशेखरने जबाब दिला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्याने काही लपवलं नाही आणि स्वतःच्या बाजूने काही सांगितलंही नाही. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा त्याच्यावर लागला. पुढे कोर्टात त्याला शिक्षा झाली, ती त्याने मुकाट्याने भोगली. सुटून आल्यावर त्याने झाडं पाडायचं काम पुन्हा धरलं नाही, इचलकरंजीला मागावर गेला. खोटं सांगितल्याबद्दल कृष्णातलाही कोर्टाच्या फेऱ्या पडल्या. ईरप्पा चुकला होता, असं मात्र त्यानंतर गावात कुणी बोललं नाही.

त्या दिवशी हवालदार आत जबाबाच्या प्रती काढत बसला होता आणि ती तिघं चौकीच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. मध्ये गौराबाई, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला कृष्णात. अमरसिंह सहीचा कागद घेऊन बाहेर येत होता, तो दारातच थांबला.

गौराबाईने मुलाला विचारलं, "लई तरास झाला का त्यांना?"

राजशेखरने थोडा विचार केला. "पाय कळत न्हवते म्हणाले. गार वाजतंय म्हणाले. काकांनी आपला पटका पांघरला."

"आन् काय म्हणालं?"

त्याने कृष्णातकडे पाहिलं. मग कृष्णातनेच त्याला हाक मारली आणि सांग म्हणाला. आजवर सांगता आलं नव्हतं. ईरप्पा एकटाच होता, एकटाच मेला, असं दोघांनी गावाला सांगितलं होतं. एकट्या मेलेल्या माणसाचा निरोप ते तिला कसा देणार होते?

"मी उठलो तवा त्यांनी परत हाक मारली," राजशेखर म्हणाला. "त्यांना वाटलं मी घराकडं चाललोय. म्हणाले, गौराला म्हणावं, जेवून घे. मला यायला येळ हुईल."

गौराबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी न्हवतो जेवलो," ती म्हणाली. "तुमच्या दोघांची भाकरी झाकून बसलो हुतो."

रस्त्यावरून उसाची एक रिकामी बैलगाडी खडखडत गेली. ती लांब जाईपर्यंत गौराबाई थांबली आणि मग मुलाकडे वळली.

"परत सांग," ती म्हणाली.

अमरसिंह कागद घेऊन आत गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. राजशेखर आईला परत सांगू लागला.